खो मिळेपर्यंत बसायचं : तिसरी-चौथीच्या वर्गातलं शिस्तीचं एक प्रकरण

ही हकिगत जून २०२४ ते एप्रिल २०२५ या एका शैक्षणिक वर्षातली आहे. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका. गावाचं आणि शाळेचं नाव दिलेलं नाही, मुलांची नावं बदलली आहेत. प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास शिस्तीसाठी खरंच उपयोगी पडतो का, आणि पडत असेल तर त्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं, हा प्रश्न मला वर्षभर पुरला. जिथे चुकले तेही लिहिलं आहे, कारण माझ्यासारख्या इतर वर्गशिक्षकांना त्याचाच उपयोग जास्त होईल असं वाटतं.

पार्श्वभूमी

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट ७१, तीन खोल्या, तीन शिक्षक. पहिली आमच्या सहकारी मॅडमकडे, दुसरी मुख्याध्यापक सरांकडे आणि तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. मिळून ३४ मुलं. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले ‘कोयते’, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, बांधाबांध करतात, दिवाळीच्या आसपास ट्रक भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आई-बापाबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी.

शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक आमच्यासारख्या शाळेला नसतोच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात या विषयाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तिथेही पट शंभराच्या वर असेल तर. त्याखालच्या वर्गांत भाषा-गणित शिकवणाऱ्यालाच खेळाचा तासही घ्यावा लागतो. वेळापत्रकात तासिका असते, प्रगतिपत्रकावर श्रेणी असते. प्रत्यक्षात माझ्या वर्गात त्या तासाला दोनपैकी एक गोष्ट व्हायची. गणित मागे राहिलेलं असेल तर गणित, नसेल तर ‘जा, खेळा’. शनिवारी सकाळी सगळ्या शाळेची कवायत. वर्षाअखेर वर्णनात्मक नोंदीत मी बहुतेक मुलांच्या नावापुढे ‘खेळात आवडीने सहभागी होतो’ असं लिहायचे. कोण कसा खेळतो हे मला ठाऊक नव्हतं.

अडचण

त्या वर्षीचा वर्ग दंगेखोर होता असं म्हणून भागणार नाही. नेमकं काय होत होतं ते सांगते. प्रश्न पुरा विचारून व्हायच्या आत दहा जण ओरडून उत्तर द्यायचे, बहुतेकांचं चुकायचं. पाटी, खोडरबर, बसायची जागा, सगळं हिसकावून घ्यायचं. खिचडीच्या ओळीत मागचा पुढच्याला ढकलणार, पुढचा भांड्यावर आदळणार. मधल्या सुट्टीनंतर वर्ग बसता बसता पंधरा-वीस मिनिटं जायची. हे मी अंदाजाने सांगत नाही. जुलैत दोन आठवडे मी दैनिक टाचणाच्या वहीत मागच्या पानावर वेळ टिपली होती.

यात समाधान नावाचा मुलगा सगळ्यांच्या पुढे. चौथीत, अंगाने काटक, पायात वारा. त्याला थांबणं जमतच नसे. वाईट मुलगा नव्हता. लहानग्या बहिणीला कडेवर घेऊन शाळेत यायचा, तिला सावलीत बसवायचा आणि मग दिवसभर कुणाशी तरी भिडायचा.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या टाकीपाशी त्याने दुसरीतल्या एका मुलीला ढकललं. तिचं तोंड तोटीवर आपटलं, पुढचा दात तुटला. दुधाचाच दात होता, पण रक्त बघून सगळी शाळा गोळा झाली. दुपारी तिचे वडील आले. मला म्हणाले, ‘मॅडम, तुमी त्याला हाणत का न्हाई? चार रट्टे द्या, आमी काय इचारायला येणार न्हाई.’ समाधानचे वडील संध्याकाळी आले, त्यांनीही हेच सांगितलं.

समोर असलेले पर्याय

मारण्याचा प्रश्न नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी समाधानला घरी मार मिळतच होता. माराने तो थांबणारा असता तर माझ्यापर्यंत हा प्रश्न आलाच नसता.

दुसरा पर्याय खेळ बंद करायचा. तो मी निवडला आणि या सगळ्या प्रकरणातली ती माझी पहिली मोठी चूक. मी जाहीर केलं की नीट वागेपर्यंत वर्गाला खेळाचा तास नाही आणि समाधानला मधल्या सुट्टीतही वर्गातच बसायचं. पहिले दोन दिवस भयाने शांततेत गेले. तिसऱ्या दिवसापासून वर्ग पूर्वीपेक्षा जास्त उधळला. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्याच्याकडून मी त्याचं हुंदडणंच काढून घेतलं होतं. वाढत्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावाकडची मुलं चालतात, पळतात, पाणी वाहतात, म्हणून आपल्याला वाटतं त्यांना याची काय गरज. पण शाळेचे सहा-सात तास ती बसूनच असतात. शिवाय खेळाचा तास शिक्षा म्हणून काढून घेताना आपण मुलांना न बोलता सांगतो की हा विषय नाही, हे बक्षीस आहे. गणितात दंगा केला म्हणून कुणी मराठीचा तास बंद करत नाही. दोन आठवड्यांनी मी तो हुकूम मागे घेतला आणि वर्गासमोर सांगितलं की माझं चुकलं.

तिसरा पर्याय मुख्याध्यापक सरांचा : कवायत वाढवायची. १५ ऑगस्ट जवळ आला होता. सर कवायत चांगली घेतात, लेझीमही बसवतात, आणि शिट्टीच्या तालावर सत्तर मुलं एकदम ‘सावधान’मध्ये आली की बघणाऱ्याचा ऊर भरून येतो. कवायतीने मुलांना रांग कळते, डावं-उजवं कळतं, सगळ्यांबरोबर हात उचलण्यातला आनंद मिळतो. मी तिच्या विरोधात नाही. पण माझं एक निरीक्षण होतं. कवायत संपल्याची शिट्टी वाजली की त्याच क्षणी तीच मुलं टाकीवर तुटून पडायची. शिस्त शिट्टीत होती, मुलांच्या अंगात उतरलीच नव्हती.

चौथा पर्याय गटप्रमुख नेमायचे. तो आधी करून झाला होता. गटप्रमुख आठवडाभरात छोटा फौजदार होतो, फळ्यावर नावं लिहितो, आणि ज्यांच्याशी त्याचं भांडण असतं त्यांचीच नावं लिहितो.

पाचवा पर्याय सुचला तो आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका शिक्षण परिषदेत, जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या गावातल्या एका वयस्कर गुरुजींनी माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘तुमच्या पोरांना खो-खोत बसता येतं का?’ मी म्हटलं, पळता चांगलं येतं. ते म्हणाले, ‘पळायला सगळ्यांनाच येतं. मी बसण्याचं विचारतोय.’

हाच खेळ का

खो-खो गावोगाव खेळला जायचाच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४च्या सुमारास तो नियमांत बसवला. ते नियम एका शिक्षकाच्या नजरेने वाचायला बसले तेव्हा मला गुरुजींचा प्रश्न कळला.

आठ जण मधल्या पट्टीवरच्या चौकोनांत उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. पळणारा डोळ्यांसमोरून, हात लांबवला तर सापडेल इतक्या अंतरावरून जातो, तरी बसलेल्याने उठायचं नाही. मागून पाठीवर हात पडला आणि ‘खो’ ऐकू आला की मगच उठायचं. उठल्यावर एक दिशा घेतली की खांबापर्यंत तीच ठेवायची, मधली पट्टी ओलांडायची नाही. ज्याने खो दिला त्याने लगेच त्या चौकोनात बसायचं, मग तो कितीही जोरात पळत असो.

म्हणजे या खेळात थांबणं हाच खेळाचा भाग आहे. आमच्या वर्गात थांबणं म्हणजे खेळ संपणं होतं, मजा संपणं होतं. इथे अंग ताणून, टाचा उचलून, श्वास रोखून थांबायचं आणि ते थांबणं जमलं तरच डाव जिंकायचा.

दुसरी गोष्ट फाऊलची. फाऊल झाला की पाठलाग करणाऱ्याला उलट्या दिशेने जावं लागतं आणि तेवढ्यात पळणारा निसटतो. शिक्षा एवढीच. लगेच होते, सगळ्यांना सारखीच होते, कुणी रागावत नाही आणि दोन सेकंदांत संपते. माझ्या वर्गातल्या शिक्षा याच्या नेमक्या उलट होत्या : उशिरा व्हायच्या, माझ्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून असायच्या आणि दिवसभर पुरायच्या.

नुसता ‘खेळाचा तास’ घेऊन शिस्त येते, अशी माझी तेव्हाही समजूत नव्हती. अमेरिकेतला २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नंतर वाचनात आला. त्यात बालवाडी ते पाचवीच्या काही मुलांना तायक्वांडो शिकवलं आणि काहींना नेहमीचाच शारीरिक शिक्षणाचा तास दिला. स्वतःवर ताबा ठेवण्यात तायक्वांडोची मुलं पुढे गेली. तिथे मुलांना स्वतःला विचारायला शिकवत होते : मी कुठे आहे, काय करतोय, मी काय करायला हवं? मैदान दोन्हीकडे होतं. फरक पडला तो शिकवणाऱ्याने काय शिकवायचं ठरवलं होतं यामुळे.

काय केलं

वेळ हा पहिला अडथळा. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाची उद्दिष्टं डोक्यावर होती, वाचन-गणिताच्या चाचण्या होत्या. सरांनी विचारलं, रोजचा अर्धा तास कुठून काढणार? मी म्हटलं, मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं तशीही जातातच, तीच द्या. दोघांनी मिळून ठरवलं की रोज सकाळी परिपाठानंतर पंचवीस मिनिटं घ्यायची, महिनाभर करून बघायचं. सकाळची वेळ मुद्दाम निवडली. पोट खिचडीने भरलेलं नसतं, ऊन नसतं आणि खेळानंतर पुढचा सगळा दिवस समोर असतो.

मैदान पूर्ण मापाचं, २७ मीटर बाय १६ मीटरचं, आमच्या पटांगणात मावत नाही. ते लहान केलं, आठऐवजी सहा चौकोन घेतले. गावातल्या सुताराने दोन खांब रंधा मारून, कडा घासून दिले. फक्कीऐवजी स्वयंपाकी मावशींच्या चुलीतली राख चाळून घेतली, कारण निम्मी मुलं अनवाणी असतात आणि चुना पायाला, डोळ्यांना चरचरतो. मैदान आखायचं काम मुलांचंच. दोरी धरायची, गाठी मोजायच्या, रेघ सरळ आली नाही तर पुसून पुन्हा. परिमिती शिकवायला त्या वर्षी मला वेगळं साहित्य लागलं नाही.

पहिला आठवडा खेळ घेतलाच नाही. फक्त बसणं. सहा जण चौकोनांत, सातवा चालत (पळत नाही, चालत) मागून येणार आणि कुणालाही खो देणार. बाकीचे कडेला बसून बघणार. ज्याला खो मिळाला नाही तो हलला तर त्याने स्वतः हात वर करून म्हणायचं, ‘फाऊल माझा.’ पहिल्या दिवशी पाच मिनिटांत इतके हात वर झाले की खेळ पुढे सरकेना. मुलं हसत होती, मीही हसले. समाधान तर शेजारच्याला खो मिळाला की हाच उठायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ खाली बसून त्याचे पाय बघितले. टाचा वर, पायांची बोटं मातीत रुतलेली, पोटऱ्या थरथरत होत्या. हे मूल न ऐकणारं नाही, याला थांबताना शारीरिक कष्ट होतात, हे मला त्या मिनिटाला उमगलं. नऊ वर्षांच्या मुलाला हे कष्ट सवयीनेच कमी होतील, माझ्या ओरडण्याने नाही.

या टप्प्यावर दुसरी चूक केली. कोणाचे किती फाऊल, याचा तक्ता फळ्यावर लावला. दोन दिवसांत ‘फाऊल माझा’ म्हणणारे हात खाली गेले. खरं सांगितलं की नाव लागतं, तर कोण सांगेल? तक्ता पुसला. हात पुन्हा वर यायला आठवडा लागला.

निर्णयाचा क्षण : पंच कोण?

सप्टेंबरपर्यंत खरे डाव सुरू झाले होते आणि पंच मी होते. दर मिनिटाला ‘मॅडम, त्यानं पट्टी ओलांडली’, ‘मॅडम, ती खोटं बोलती’. मी निकाल द्यायचे, एक बाजू रुसायची, आणि ते रुसणं वर्गात यायचं. तेव्हा मी शिट्टी मुलांच्या हातात दिली. रोज दोन पंच, पाळीपाळीने, हजेरीच्या क्रमाने. पंचाचा निकाल शेवटचा. माझं मत वेगळं असलं तरी पंचाचाच चालणार, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी राणीची पाळी आली. तिसरीतली, वर्गात नाव विचारलं तरी पदराआड लपल्यासारखं करणारी मुलगी. डाव रंगात आला होता. समाधानने दिशा घेतली, पळणारा मागे वळला तसा तोही मध्येच मागे वळला आणि त्याला धरलं. त्याच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला. राणीने शिट्टी वाजवली. बारीक आवाजात म्हणाली, ‘फाऊल. तोंड फिरवलं.’

समाधानने खांबाला लाथ घातली, रेघेवरची राख मुठीत घेऊन भिरकावली. आणि सगळी मुलं माझ्याकडे वळली.

मला उठावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी उठले असते तर शिट्टी परत माझीच झाली असती. मी बसून राहिले. राणीने माझ्याकडे पाहिलं, मग समाधानकडे, आणि पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने, ‘फाऊल हाय.’ तो तरातरा लिंबाच्या पारावर जाऊन बसला आणि खडे मारत राहिला. डाव एका गड्याने कमी असा चालू राहिला. कुणी त्याला बोलवायला गेलं नाही, कुणी चिडवलं नाही. दोन-तीन मिनिटांनी तो उठला, पँटची माती झटकली आणि रिकाम्या चौकोनात येऊन बसला. तोंड बरोबर बाजूला होतं.

त्याने माफी मागावी असं काही मुलांनी सुचवलं. मी नको म्हटलं. तो परत येऊन बसला होता, मला तेवढं पुरे होतं. आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो.

मैदानावरून वर्गात

मैदानावर आलेली शिस्त आपोआप वर्गात येईल अशी माझी आशा होती. ती सप्टेंबरभर फोल ठरली. मैदानावर दगडासारखी बसणारी मुलं खिचडीच्या ओळीत तशीच ढकलत होती. म्हणून खेळानंतरची शेवटची तीन मिनिटं मी बोलण्यासाठी ठेवली. गोल बसायचं, एकच प्रश्न : आज कुठं थांबायला जड गेलं? मुलं अगदी नेमकं सांगायची. ‘गणेश समोरून गेला तवा.’ ‘खो मला देईल वाटलं आन् पल्याडच्याला दिला तवा.’ एके दिवशी एक मुलगा म्हणाला, ‘मैदानात न्हाई, खिचडीच्या वासानं जड जातं.’ सगळे हसले, पण त्या दिवशी ओळीवर बोलणं झालं. वाढणाऱ्या मावशींनी ‘खो’ म्हटल्यावरच पुढचं ताट पुढे करायचं, ही युक्ती मुलांनीच काढली. मावशींनाही ती आवडली.

वर्गातलं ओरडून उत्तर देणं असंच कमी झालं. एका मुलीचं उत्तर चालू असताना दुसरा मध्ये बोलला, तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘तुला खो दिला का?’ मी तो शब्द उचलला. पुढे वर्षभर ज्याला खो मिळेल तो बोलायचा आणि त्याचं झालं की पुढचा खो त्यानेच द्यायचा.

दिवाळीनंतर

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा माझ्या ३४ पैकी ११ मुलं गेली होती. समाधानही गेला, बहिणीसकट. जमलेले दोन्ही संघ फुटले. इथे खेळ थांबवावा का, हा प्रश्न खरंच पडला. राहिलेल्या मुलांची मनंही थाऱ्यावर नव्हती, कारण कित्येकांचे आई-बाप गेलेले होते. दोन आठवडे नुसती लंगडी आणि लगोरी घेतली. लंगडीत तोल सांभाळताना आपोआप घाई कमी होते, हे तेव्हा लक्षात आलं. मग दुसरीतली मोठी मुलं सामावून घेऊन खो-खो पुन्हा सुरू केला. चौथीच्या मुलांनी त्यांना ‘बसणं’ शिकवलं, माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं.

जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. मी मोबाइलवर काही तुकडे दाखवले. मुलं पळणाऱ्यांकडे बघतील असं मला वाटलं होतं. राणी म्हणाली, ‘मॅडम, त्या बसल्यात पण बसलेल्या न्हाईत.’ वर्षभर जे मला शब्दांत सांगता आलं नव्हतं ते तिने सांगितलं.

मार्चअखेरीस समाधान परतला. फडावर चार-पाच महिने शाळा नाही, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहणं, पहाटे उठून वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणं. पहिले काही दिवस तो जुलैतलाच समाधान होता. तिसऱ्या दिवशी टाकीवर भांडण झालं. मला वाईट वाटलं, सगळं वाहून गेलं असं वाटलं. पण मैदानावर पहिल्याच डावात तो दोनदा खो नसताना उठला आणि दोन्ही वेळा, कुणी न सांगता, त्याचा हात वर गेला. आधी जे जमायला अडीच महिने लागले होते ते दोन आठवड्यांत परत आलं.

परिणाम

फेब्रुवारीत मी पुन्हा दोन आठवडे वेळ टिपली. मधल्या सुट्टीनंतर वर्ग बसायला पाच-सहा मिनिटं लागत होती. खिचडीच्या ओळीत भांडणं तुरळक. राणी वाचायला उभी राहू लागली. सरांनी पुढच्या वर्षी दुसरीसाठीही सकाळची वेळ मागितली.

याचं सगळं श्रेय खो-खोला देणं बरोबर होणार नाही. मुलं सहा-आठ महिन्यांनी मोठी झाली होती. अकरा मुलं गेल्याने वर्गही लहान झाला होता. आणि मी बदलले होते. रोज पंचवीस मिनिटं त्यांच्याबरोबर मातीत बसल्यावर वर्गात माझा आवाज आपोआप खाली आला. गणिताच्या निकालावर काय फरक पडला ते मला सांगता येत नाही, पण अभ्यासक्रम मागे राहिला नाही.

जे बदललं नाही तेही सांगते. घरी जाताना वाटेवरची भांडणं तशीच राहिली. दोन मुलांना हा खेळ आवडलाच नाही, ती रोज कुरकुरत यायची. त्यांच्यासाठी मी वेगळं काही शोधलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

खेळाचा तास शिक्षा म्हणून पुन्हा कधीही बंद करणार नाही. फाऊलचा तक्ता नाही.

पालकांना आधी सांगेन. सप्टेंबरात एक आजी शाळेत आल्या आणि म्हणाल्या, ‘खेळायला रान हाय की घरी, शाळंत शिकवा.’ त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. त्यांना आपण काय शिकवतोय हे मी सांगितलंच नव्हतं. नंतर त्यांना सकाळी बोलावून पारावर बसवलं. डाव बघितल्यावर त्यांनी आपल्या लहानपणचे डाव सांगितले आणि मग तक्रार राहिली नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक जूनमध्येच मैदानावर घ्यायला हवी होती.

सगळ्यात जास्त रुखरुख ओंकारची आहे. त्याचा एक पाय अधू आहे. मी त्याला कायमचा गुणलेखक केला. मला वाटलं, मान दिला. तो वहीत नीट गुण मांडायचा, कधी काही बोलला नाही. फेब्रुवारीत तीन मिनिटांच्या गोलात त्याच्यावर प्रश्न आला, आज कुठं थांबायला जड गेलं? तो म्हणाला, ‘मी रोजच थांबलेलोय.’ दुसऱ्या दिवशी मुलांनी नियम केला : ओंकार चौकोनात वीट ठेवून तिच्यावर बसेल, त्याला खो मिळाला की तो पळण्याऐवजी लगेच पुढच्याला खो देईल. त्याने खो दिला की दिशा बदलून जायची आणि पळणाऱ्यांची भंबेरी उडायची, म्हणून दोन्ही संघांना तो आपल्याकडे हवा असायचा. हे ऑगस्टमध्ये सुचायला हवं होतं आणि मी मुलांना विचारलं असतं तर सुचलंही असतं.

आणखी एक गोष्ट. पाण्याच्या टाकीपाशी होणारी भांडणं वर्षभर पूर्ण थांबली नाहीत. गोलात त्यावर कितीदा बोललो, टाकीवरही ‘खो’ची पद्धत लावून बघितली, चार दिवस टिकायची. एप्रिलमध्ये एका पालकाने सहज विचारलं, ‘मॅडम, तोट्या चार हायेत, पाणी एकीलाच कसं?’ तीन तोट्या गाळाने बुजलेल्या होत्या. मधल्या सुट्टीची पंधरा मिनिटं, ७१ मुलं आणि पाण्याची एक तोटी. आम्ही तिघं शिक्षक रोज तिथेच पाणी प्यायचो. समितीने गावातला नळकारागीर बोलावला, दुपारभरात चारही चालू झाल्या. त्या आठवड्यात टाकीवर एकही भांडण माझ्यापर्यंत आलं नाही. जुलैत त्या मुलीचा दात तुटला तेव्हा मी समाधानकडे बघितलं, तोटीकडे नाही.